डोळ्यांचा दवाखाना: घाई असेल तर जाऊ नका

दापोलीकडच्या हर्णै-आंजर्ल्याच्या किनारपट्टीत कुणी विचारलं, डोळे कुठं दाखवायचे, तर मी तालुक्याच्या आमच्या डॉक्टरांकडेच पाठवते. फक्त सकाळी गेलात तर दुपारच्या जेवणाचं काही खरं नाही. फोनवर लावलेल्या नंबराला तिथं फारशी किंमत नाही, आणि काउंटरवरचा मुलगा मान वर न करता बोलतो.

माझे सासरे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके. उभी हयात दर्यावर गेली. उजव्या डोळ्यात नाकाकडून मांस वाढत बुबुळावर चढलेलं, आणि शेजारीपाजारी मोतीबिंदू म्हणून मोकळे झालेले. डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकायला लावली, उजेडाची बारीक रेघ डोळ्यावरून फिरवली आणि मला स्क्रीनवर दाखवलं: पांढऱ्या भागावरून आत घुसलेलं लालसर, त्रिकोणी पातं, त्यात केसासारख्या शिरा. वर्षानुवर्षांचं ऊन, खारा वारा आणि पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप, त्यानं हे होतं म्हणाले.

"मग टाका कापून," बाबा म्हणाले.

"नुसतं कापलं तर परत येतं, तांडेल. तुमच्याच डोळ्याचा, वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून तिथं लावायला लागेल. आता नको. होड्या वर काढल्यात की या."

मला डॉक्टर पटले ते इथं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. तेव्हा होडी शाकारलेली असते, माणूस घरात असतो, डोळ्यात खारं पाणी उडत नाही. याआधी एका ठिकाणी त्याच आठवड्याची तारीख देत होते, ऐन हंगामात!

ऑपरेशन भूल देऊन झालं, त्याच दिवशी घरी. काही दिवस डोळा टोचत राहिला, लाल दिसायचा. बाबांना वाचता येत नाही, म्हणून सिस्टरनं थेंबांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून दिले होते. चष्म्याचा तिरका नंबर (बुबुळाची गोलाई वाकडी झाल्यानं लागणारा) कमी झाला, पूर्ण गेला नाही. पण तेही डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.

मुंबईत शिकलेला माणूस इथं येऊन राहिलाय, हे एरवी मी फार कौतुकानं सांगितलं नसतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत अक्षरांचा तक्ता घेऊन ते स्वतः येतात. मागच्या बाकावरच्या ज्या पोराला आम्ही सगळे मठ्ठ म्हणायचो, त्याला फळाच दिसत नव्हता.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा, गणपतीच्या आगेमागे. आरतीआधी मंडपात डॉक्टर पाच मिनिटं मागून घेतात आणि पंधरा घेतात. पण कामाचं बोलतात: माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, तोवर पंखा बंद करा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान चालतं. आमच्या सासूबाईंनी तिथंच फॉर्म भरला, बाबा अजून "बघू" म्हणतात.

दवाखान्याच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा एकाच बाजूला. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत माणूस न्या, आणि जुने चष्म्याचे कागद असतील तर तेही.