99 रुपयांचं आत्मविश्वासाचं सेमिनार, फळीसकट (5 पैकी 2 स्टार)

मेव्हण्यानं दोन तिकिटं काढली होती म्हणून गेलो, नाहीतर रविवारी कोण जातंय. नाशिकमध्ये हॉटेलचा बँक्वेट हॉल, 10 ला सुरू म्हणाले, सुरू झालं पावणेअकराला. नाव लिहीत नाही, असले सेमिनार सगळे सारखेच असतात.

पहिला तास नुसता नाच आणि आरडाओरडा. शेजारच्याला टाळी द्या, "मी करू शकतो" म्हणा, जोरात, अजून जोरात! माझ्या शेजारी रिटायर्ड काका होते, ते बिचारे गुडघा धरून ओरडत होते. पण खोटं कशाला बोलू, अर्ध्या तासानं मलाही जरा बरं वाटायला लागलं.

मग आली फळी. प्रत्येकाला एक फळी आणि मार्कर, आपली भीती त्यावर लिहायची आणि हातानं फोडायची. माझं फर्निचरचं काम आहे, वडीलही सुतार, त्यामुळे हातात घेतल्या घेतल्या कळलं, पॅकिंगच्या खोक्यातलं पाइन, अर्धा इंच पण नाही, आणि कापलंय असं की लाकडाच्या रेघा आखूड बाजूला जातात. असली फळी रेघेवरच चिरते, शाळेतलं पोरगं पण फोडेल. तीच फळी उलट्या बाजूनं कापून द्या आणि मग बघा कोणाची भीती जाते ते, हाताला प्लास्टर लागेल. मेव्हणा मात्र फोडून रडायलाच लागला हो, त्याच्या फळीवर "नकार" लिहिलं होतं, पॉलिसी विकतो ना तो.

आणि नेमकं त्यानंतर, सगळ्यांना भूक लागलेली, एक वाजलेला, तेव्हा पडद्यावर किमती आल्या. हा कोर्स 40 हजाराचा, ते कोचिंग 50 हजाराचं, ग्रुप फ्री, असं आणखी बरंच काही धरून सव्वा लाख, त्यावर लाल फुली, आज हॉलमध्ये फक्त 34,999 आणि तेही पहिल्या 20 जणांना! वर 18 टक्के जीएसटी आहे हे बारीक अक्षरात, म्हणजे झाले 41 हजार तीनशे. मागच्या टेबलाकडे जे दोघं सगळ्यात आधी पळाले त्यांना मी सकाळी चहा वाटताना बघितलं होतं. सर स्टेजवरून म्हणतात, बायकोला विचारून सांगतो म्हणणारे आयुष्यभर विचारतच राहतात. मेव्हणा क्रेडिट कार्ड काढून म्हणतो, "दाजी, ईएमआय आहे." म्हटलं, तुझ्या ताईला फोन लावू का? बसला खाली.

माझी भाची सायकॉलॉजी शिकते, तिला घरी आल्यावर सांगितलं तर ती म्हणाली मामा, अल्बर्ट बांडुरा नावाच्या सायकॉलॉजिस्टनं हे 1977 मध्येच लिहिलंय, आपल्याला जमेल हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून जमलं की सगळ्यात पक्का, मग आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना बघून, मग कोणी सांगितल्यामुळं, आणि चौथं म्हणजे त्या वेळी अंगात काय चाललंय त्यावरून. मला एकदम ट्यूब पेटली, हॉलमध्ये गाणी आणि आरडाओरडा सगळा खालच्या दोन नंबरांचा, आणि पहिल्या नंबरच्या जागी ती कच्ची फळी! माझ्याकडचा पोऱ्या, तीन ड्रॉवरची चॅनेल वाकडी बसवली त्यानं, माझ्या शिव्या खाल्ल्या, चौथं बरोबर सरकलं, आता गिऱ्हाईकाला स्वतः माप सांगतो. त्याला कोणी टाळ्या द्यायला लावल्या नव्हत्या.

दोन स्टार कशाचे, तर एक चहाचा, आणि एक सरांच्या विकण्याचा. खरंच शिकण्यासारखा माणूस. तुम्ही काही विकत असाल तर 99 रुपये वसूल आहेत, फक्त काय बोलतोय ते ऐकू नका, कधी बोलतोय ते बघा. पोटभर नाश्ता करून जा, कार्ड घरी ठेवा आणि फॉर्मवर रोजचा नंबर देऊ नका, मला अजून फोन येतायत, "सर, दोन सीट राहिल्यात".