कडक उन्हाळ्यात स्केट रोलर स्की : कोरड्या गरम हवेत कशा चालतात

बर्फ नसतो त्या महिन्यांतच क्रॉस-कंट्री स्कीवाल्याची (बर्फावर सपाटीला आणि चढालाही स्वतःच्या ताकदीने स्की करणाऱ्याची) खरी मेहनत होते. वर्ल्ड कप लेव्हलचे स्कीअर वर्षाला साधारण 800 ते 900 तास ट्रेनिंग करतात आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या बिनबर्फाच्या महिन्यांत जातो, म्हणजे रोलर स्की (चाकं लावलेली, रस्त्यावर चालणारी स्की) हीच वर्षातली बरीचशी स्की झाली. तरी रिव्ह्यू वाचायला गेलं तर सगळे थंड हवेतल्या गुळगुळीत रस्त्यावरचे. ऊन रणरणतंय, हवा कोरडी, रस्ता तापलेला, अशा ठिकाणी या स्की कशा वागतात ते कुणी नीट लिहीत नाही, म्हणून हे.

माझ्याकडे आहे ती स्केटची जोडी, म्हणजे स्केटिंगसारखं पाय बाजूला ढकलत जायची, कॉम्पोझिट शाफ्टची (चाकांमधल्या दांडीची), 100 मिमी उंचीची आणि 24 मिमी रुंदीची रबरी चाकं, दोन नंबरची. चाकांचे नंबर 1 ते 4 असतात, 1 सगळ्यात पळणारं आणि 4 सगळ्यात जड, ट्रेनिंगला बहुतेक जण 2 घेतात. क्लासिकच्या (पाय समांतर ठेवून जायच्या) रोलर स्कीला चाकं रुंद असतात आणि एक चाक मागे फिरत नाही, त्यामुळे किक, म्हणजे पायाने मागे दिलेला धक्का, कधीच निसटत नाही आणि पाय उशिरा मारायची सवय लागते, जी बर्फावर लगेच उघडी पडते. स्केटमध्ये तो घोळ नाही, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नीट टाकलं नाही तर स्की तिथल्या तिथे सांगते. म्हणून एकच जोडी घ्यायची असेल तर मी स्केटचीच घ्या म्हणेन.

आता गरमीचं. रबर तापलं की कमी अडतं. थंड सकाळीसुद्धा पहिली पंधरा-वीस मिनिटं चाकं जड लागतात आणि मग मोकळी होतात, हे सगळ्यांना माहीत आहे, पण हवा 35 अंशांवर असली की उन्हातलं डांबर 50 च्या सहज वर जातं आणि तिथे चाकं सुरुवातीपासूनच सुटलेली असतात. सपाटीवर मजा वाटते, घड्याळातला स्पीड बघून आपण फिट झालो असं वाटतं, पण तो स्पीड चाकाचा आहे, आपला नाही. आणि त्याच वेळी उन्हामुळे हार्ट रेट मात्र त्याच मेहनतीला वर चढलेला असतो, तास उलटला की अजून वर सरकत राहतो. म्हणजे स्पीड एक सांगतो, हृदय दुसरंच सांगतं. उन्हाळ्यातले टायमिंग एकमेकांशी किंवा थंडीतल्याशी लावून बघण्यात काही अर्थ नाही. मी हार्ट रेट धरून चालते आणि लांब सोप्या सेशनला तो वर गेला की चढावर सरळ चालायला लागते, त्यात काही कमीपणा नाही.

मग तीन नंबरची चाकं का लावू नयेत असं कुणीही विचारेल. लावून पाहिली. सपाट लूपवर 3 छानच, ठेका बर्फासारखा येतो आणि स्पीड हाताबाहेर जात नाही. पण लांब चढावर 3 लावलं की इतकं हळू होतं की अंगाला वारा लागायचाच बंद होतो आणि कोरड्या हवेत घाम वाळून जो गारवा मिळतो तो वाऱ्यावर बराच अवलंबून असतो. तेव्हा चढाला 2, सपाटीला 3, हे माझं ठरलेलं. उताराला मात्र दोन्ही वाईट, कारण या स्कीला ब्रेक नसतो, पाय फाकवून थोडा वेग कमी होतो तेवढाच. तापलेली चाकं आणि उतार हे समीकरण मला अजिबात पटत नाही, वर पोचलं की स्की काढायच्या आणि चालत खाली यायचं. तापल्या डांबरावर पडलं तर खरचटण्यावर भाजणंही येतं. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि ग्लव्हज उन्हातही घालायचेच.

शाफ्टबद्दल फार बोलायचं नाही, कॉम्पोझिट आहे म्हणून खडबडीत खडीच्या रस्त्यावर पिंडऱ्या झिणझिणत नाहीत, अॅल्युमिनियमच्या स्कीवर ते फार जाणवतं. एवढं पुरे.

खरं लिहायचंय ते पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, टिपबद्दल, कारण उन्हाळ्यात सगळा खेळ तिथे आहे आणि स्की विकत घेताना कुणी तिकडे बघत नाही. रोलर स्कीच्या टिपला पुढे कार्बाइडचं (फार कठीण धातूचं) टोक असतं, बर्फाची मोठी बास्केट (काठी बर्फात रुतू नये म्हणून असलेली चकती) नसते. थंड डांबरावर टोक बोथट असलं की पोल मागे घसरतो, खटकन आवाज येतो आणि तो झटका कोपरात जातो. गरम डांबरावर उलटं होतं. डांबर मऊ असतं, टोक आत रुततं, लावताना पकड एकदम मस्त मिळते पण हात मागे गेल्यावर पोल निघतच नाही, क्षणभर खांदा मागे ओढला जातो आणि पुढचा ठेका चुकतो. डबल पोलिंगला (दोन्ही पोल एकदम टेकवून ढकलताना) हे पुन्हा पुन्हा झालं की खांद्याची वाट लागते. टोक धारदार ठेवलं तर जोर न लावता पकड मिळते आणि सोडवायलाही सोपं जातं, त्यामुळे डायमंड फाइल घेऊन दर दोन-तीन सेशनला चार हात मारायचेच. रस्त्यावर काळं चकचकीत डांबर वर आलेलं दिसलं तर तो पट्टा टाळा, ते चाकाला चिकटतं आणि त्यावर बारीक खडी बसते. कडेची जुनी, करडी पडलेली पट्टी कडक असते, पोल तिथे टेकवा.

अजून एक, पोल बंद गाडीत उन्हात ठेवू नका. टिप ज्या ग्लूने बसवलेली असते तो गरम केल्यावर सुटणाराच असतो, टिप बदलताना आपण गरम पाण्यात धरून तेच तर करतो.

ग्रिप कॉर्कचीच घ्या, घामाने प्लॅस्टिक सटकतं. बूट हिवाळ्याचेच वापरत असाल तर पाय तापतो आणि सुजतो, लेस थोडी सैल आणि पातळ मोजे. पाण्याचा इन्सुलेटेड कमरपट्टा जो थंडीत पाणी गोठू नये म्हणून असतो तोच इथे पाणी गार ठेवतो, वेगळं काही घ्यायची गरज नाही. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, लगेच उडून जातो, कपड्यावर पांढरे मिठाचे डाग दिसले की कळतं किती गेलाय, म्हणून सेशनच्या आधी आणि नंतर वजन करा, जेवढं कमी झालं ते बहुतेक पाणीच. तासाच्या वर जाणार असाल तर पाण्यात मीठ हवंच. आणि गरमीला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढ्यात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि घाम लवकर सुटायला लागतो, तोपर्यंत इंटरव्हल वगैरे जड काम पहाटेच.

मेंटेनन्समध्ये दोनच गोष्टी. स्केटमध्ये पाय आतून ढकलतो म्हणून चाकं आतल्या कडेने झिजतात, झीज डोळ्याला दिसायला लागली की उलटी करून लावा, पुढची मागे घ्या. आणि कोरड्या धुळीत बेअरिंग लवकर खरखरायला लागतात. मी सीलबंद बेअरिंगची चाकं घेतली आहेत, ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची नाहीत, पाणी आत गेलं की ग्रीस संपलं, ओल्या फडक्याने पुसायची बस. चाक हातात धरून फिरवलं आणि बोटांना बारीक कंप लागला तर बेअरिंग बदला, अख्खं चाक टाकायची गरज नाही. चाकांचा एक जादा सेट घरात असू द्या, तोही तीन नंबरचा.