सासूबाई, नऊ वर्षांचा पोरगा आणि साडेतीन हजार मीटर: लेह, काझा की मनाली?

मुलुंडला आमच्याकडे मार्च उजाडला की एक वाद ठरलेला असतो, मेच्या सुट्टीत जायचं कुठे. नवऱ्याच्या डोक्यात लेह, माझ्या डोक्यात हिमाचलमधलं स्पिती खोरं, म्हणजे काझा, पोराला कुठेही चालतं फक्त बर्फ हवा, आणि सासूबाई म्हणतात मला कुठेही न्या पण जिने नकोत गं बाई. वाद काही मिटला नाही पण मधल्या काळात तिन्हीकडे जाऊन राहून झालं, मनाली दोनदा, लेह सासूबाईंसकट, काझा त्यांच्याशिवाय. त्यामुळे आता कोणी हॉटेलचे फोटो पाठवून "कसं वाटतंय?" विचारलं की मी आधी उलट विचारते, रात्री झोपणार किती उंचीवर? गादीवरचा टॉवेलचा हंस नंतर बघू.

हिशेब आपल्या मापाने करा. कळसूबाई १६४६ मीटर, आख्ख्या महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. मनाली २०५० च्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर थोडंसं. लेह ३५००, कळसूबाईची दुप्पट करून वर थोडं उरतंच. काझा ३६५० च्या घरात. लेहला हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण ६५ टक्के, म्हणजे मुलुंडला एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच. मनालीला तोच दाब ८० टक्क्यांच्या जवळ असतो, म्हणून तिथे बहुतेकांना काहीच जाणवत नाही, फार तर मॉल रोडचा चढ चढताना धाप लागते आणि ती आपल्याला दादरचा पूल चढतानाही लागतेच.

आता लेह आणि काझा आकड्यात जुळे भाऊ दिसतात पण पोचण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. लेहला आपण विमानाने जातो. आम्ही रात्री दीडला घरातून निघालो, दिल्लीला विमान बदललं आणि सकाळी साडेनऊला लेहला बॅगांची वाट बघत उभे, समुद्राच्या काठावरून थेट साडेतीन हजारावर, शरीराला काही कळायच्या आत. काझाला शिमल्याच्या बाजूने गेलात तर पहिली रात्र शिमल्याला २२०० वर, मग सांगला २७००, कल्पा २९०० च्या वर, ताबो ३३०० च्या आसपास आणि मग काझा. डॉक्टर सांगतात ना की ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तो नियम हा रस्ता आपोआप पाळतो. पण तोच काझा मनालीकडून एका दिवसात गाठायला गेलात तर मध्ये साडेचार हजारांच्या वरचा कुंझुम पास आणि खड्ड्यांचा रस्ता, पोहोचेपर्यंत अर्धी गाडी आडवी. त्या बाजूने उतरा, चढू नका. आणि मेमध्ये तो पास बहुतेक बंदच असतो, जूनमध्ये उघडतो, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तसाही शिमल्याचाच रस्ता उरतो.

लेहची पहिली रात्र सांगते, कारण ती कुठल्याच पॅकेजच्या कागदावर नसते. दिवसभर सगळे मस्त. पोरगा अंगणात पळतोय, नवरा म्हणतोय बघ उगाच घाबरवतात लोक. हेच फसवं असतं, त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास लागतात, कधी दिवसही. रात्री एकच्या सुमारास सासूबाई उठून बसल्या, डोकं ठणकतंय आणि मळमळतंय. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बरोबर होता, नवऱ्याने लावला तर ८४, मग स्वतःला लावला तर ८८, मग झोपलेल्या पोराचं बोट धरून त्याला लावला आणि मग आम्ही दोघं त्या लाल आकड्याकडे बघत बसलो. खरं तर तिथे पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसणं नवल नाही, मुंबईत हाच आकडा आला असता तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती. आकड्यापेक्षा माणूस बघायचा असतो. सरळ चालता येतंय का, बोलणं बरोबर आहे का, नुसतं बसल्या बसल्या दम लागतोय का, खोकला येतोय का. यातलं काही बिघडलं तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर आणि खाली उतरणं. सासूबाईंचं नुसतं डोकंच होतं तरी जिवाला घोर नको म्हणून टॅक्सी बोलावून सरकारी हॉस्पिटलला गेलो, दहा मिनिटांत पोहोचलो, तिथे आमच्यासारखेच अजून दोन टुरिस्ट नाकाला नळी लावून बसलेले. तासभर ऑक्सिजन, गोळी, आणि डॉक्टरांचं एकच वाक्य, दोन दिवस कहीं नहीं जाना.

आता काझाला हेच झालं असतं तर? तिथे सरकारी हॉस्पिटल आहे पण लहान. खाली उतरायचं म्हटलं तर ताबो पन्नासेक किलोमीटरवर आणि उंची फार तर साडेतीनशे मीटर कमी. खऱ्या अर्थाने खाली म्हणजे रेकाँग पिओ, ते दोनेकशे किलोमीटर, दिवस जातो. म्हणजे गंमत बघा, लेहला त्रास व्हायची शक्यता जास्त पण सुटायची सोय हाताशी, सकाळी विमान आहे, हॉस्पिटल आहे. काझाला हळूहळू गेल्यामुळे त्रास कमी पण झालाच तर लांब अडकलात. म्हणूनच माझं मत असं की साठीच्या वरचं माणूस किंवा पाचच्या आतलं पोर बरोबर असेल तर लेह, मात्र पहिले दोन पूर्ण दिवस हॉटेलात लोळायचे या अटीवर. आठवडाच सुट्टी असेल आणि ते दोन दिवस वाया गेले असं वाटणार असेल तर जाऊच नका, मनालीला जा. सगळे धडधाकट, दहा-अकरा दिवस हातात आणि गाडीत बसायचा कंटाळा नसेल तर डोळे मिटून स्पिती.

लेहमध्ये अजून एक वाट आहे जी आम्हाला उशिरा कळली. विमानतळावरून थेट आल्चीच्या बाजूला निघून जायचं, दीड-दोन तास लागतात, आणि पहिल्या दोन रात्री तिथे काढायच्या. उंची ३१०० च्या आसपास म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर कमी, जर्दाळूची झाडं, शांत गाव. फक्त मग हॉस्पिटलपासून लांब जाता, त्यामुळे ज्यांना बीपी वगैरे काही नाही त्यांनीच. नुब्रा खोऱ्यातलं हुंदरही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे पण तिथे जायला ५३०० च्या वरची 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडावी लागते, ते पहिल्या दिवशी अजिबात नाही. आणि पँगाँग तलावाला मुक्काम? सव्वाचार हजारांच्या वर आहे ते, टेंटचे फोटो कितीही गोड असले तरी म्हातारं माणूस आणि पोरं घेऊन तिथे रात्र काढू नका, रात्रभर कोणी झोपत नाही. भरपूर विश्रांतीनंतर पहाटे निघून रात्री लेहला परत या, दमवणारं आहे पण झोप तरी लागते.

हॉटेलचं म्हणाल तर लेहला पर्याय भरपूर, हीटरवालं हॉटेल, घरगुती गेस्ट हाऊस, सगळं. पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. आमच्या एजंटने "बाजारापासून पाच मिनिटं" सांगितलं होतं, ती पाच मिनिटं उतरताना होती, चढताना वीस, आणि रूम तिसऱ्या मजल्यावर. ज्या बाईने फक्त जिने नकोत एवढंच मागितलं होतं तिला पहिल्या दिवशी छप्पन्न पायऱ्या, दर दहाव्या पायरीवर बसून, मोजल्या त्यांनीच. मालक भला माणूस, संध्याकाळी तळमजल्याची खोली दिली, खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, कोणाला पर्वा. तेव्हा बुक करताना व्ह्यू नंतर, तळमजला आधी. चांगस्पा भाग छान आहे पण चढाचा, बाजाराच्या जवळ सपाट बघा. दुसरं म्हणजे विमानं तिथे सकाळीच उतरतात आणि हॉटेलचा चेक-इन दुपारी बाराचा. तीन तास सोफ्यावर, न झोपलेलं पोरगं मांडीवर, ही वेळ येऊ देऊ नका, अर्ली चेक-इन फोनवर बोलून मेसेजमध्ये लिहून घ्या.

काझाला हॉटेल म्हणजे साधं. होमस्टे जास्त चांगले वाटले मला, घरातल्यांबरोबर चुलीजवळ बसून जेवायचं. लांगझासारख्या वरच्या गावांत कोरडा संडास असतो, खाली माती, पाणी नाही. आमच्या पोराने पहिल्या दिवशी संप केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डेमो द्यायला लागला. वीज जाते-येते. गरम पाणी बादलीने, लेहलाही बऱ्याच ठिकाणी सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेलाच, कारण पाण्याची टंचाई खरीच आहे तिथे, उठल्या उठल्या शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहायची आपली सवय घरी ठेवून जा. मनालीला यातलं काहीच नाही, गिझर चालू, लिफ्ट मिळते, पनीरच्या पाच भाज्या मिळतात, फक्त मेमध्ये आख्खी मुंबई आणि आख्खी दिल्ली तिथे भेटते.

खाण्याचं एक कळून घ्या. वर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहासुद्धा आपल्यासारखा कडक होत नाही. सासूबाईंना भूकच नव्हती, तेलकट भाज्या बघूनच नको म्हणायच्या, शेवटी मेतकूट-भात आणि तूप यावर दोन दिवस निघाले, मेतकूट त्यांनीच आणलेलं आणि भात मऊ करून द्यायला किचनवाल्याने कुरकुर केली नाही. मुलुंडहून नेलेली वेफर्सची पाकिटं मात्र फुग्यासारखी टम्म झाली होती, पोरगा ती गालाला लावून झोपला.

कापराचं पण बोलते, कारण आपल्याकडे ग्रुप टूरला निघालं की कोणी ना कोणी रुमालात कापूर बांधून देतंच. हुंगा हवा तर, वास छान असतो, पण त्याने ऑक्सिजन वाढत नाही, आणि पोरांच्या हाती देऊ नका, पोटात गेला तर विषारी आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी काम करते, पण मेडिकलवाल्याला विचारून नाही, आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी, किडनी, चालू असलेल्या गोळ्या सगळं सांगून. सासूबाई बीपीची गोळी घेतात म्हणून आम्ही आधी दाखवून आलो होतो आणि तरी पहिली रात्र तशी गेली, म्हणजे गोळी घेतली की झालं असं नाही.

पैशांचं थोडक्यात. लेहला विमानाची तिकिटं मेमध्ये भडकतात आणि तिथे बाहेरच्या टॅक्सीने फिरता येत नाही, लोकल युनियनची गाडी, रेट ठरलेले, आमचा टॅक्सीचा आकडा हॉटेलपेक्षा मोठा झाला. स्पितीला चंदीगडहून घेतलेली एकच गाडी शेवटपर्यंत, राहणं स्वस्त, पण दिवस जास्त लागतात. काझाला एटीएमच्या भरवशावर राहू नका, कॅश न्या. लेहला आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, घरात एकाचं तरी असू दे.

सुट्टी मेमध्ये नसेल तर गणित बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या रस्त्यांवर दरडी, २०२३ च्या जुलैत कुलू-मनालीची काय दशा झाली ते आठवत असेल, तेव्हा लेहच बरं, पावसाच्या आडोशाला आहे ते, विमानाला एक दिवस जादा ठेवा म्हणजे झालं. दिवाळीच्या सुट्टीत लेहला रात्री शून्याच्या खाली, पाइप गोठायला लागतात, बरीच हॉटेलं बंद, तेव्हा मनाली. मनालीला राहून अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला दिवसाची चक्कर होते, ३१०० वर जाऊन बर्फाचे डोंगर बघायचे आणि झोपायला परत २००० वर.

या मेला आम्ही तेच करतोय, सासूबाईंचे गुडघे आता अजून कुरकुरतात. नवरा अजून रुसलेला आहे. काल हॉटेलला फोन केला, विचारलं तळमजल्याची खोली आहे का, तो म्हणाला मॅडम लिफ्ट आहे. म्हटलं लाइट गेली की लिफ्ट चालते का? दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, ग्राउंड फ्लोअर लिख देता हूं.