खरड छाटणीच्या काडीला चिपर की मल्चर?

दिंडोरीच्या द्राक्षबागवाल्या भाच्याचा प्रश्न: ट्रॅक्टर २४ एचपीचा, एप्रिलच्या खरड छाटणीत कापलेली काडी जाळायची नाही; काय घेऊ?

मजुरीत मल्चर, म्हणजे काडी जमिनीवरच बारीक करणारं यंत्र, सरस. काडी ओळीच्या मधोमध ओढली की एकटा ड्रायव्हर काम उरकतो. चिपर तोंडातून भरलेल्या काडीचे तुकडे करतो; त्याला ती गोळा करून हाताने भरावी लागते. तोंडाजवळ सैल बाही तर नकोच.

टिकण्याचं उलटं. मल्चरची पाती जमिनीलगत फिरतात. दगड, तुटकी तार, ठिबकची नळी, सगळं त्यांच्याच वाट्याला. चिपरच्या पात्यांना वेळेवर धार लावली की पुरे. दुकानदार इंजिनचा एचपी सांगेल, तुम्ही पीटीओचा (यंत्र फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरमागच्या दांड्याचा) विचारा.

नुसती बोटभर काडी असेल तर मल्चर. जाड ओलांडे (वेलीचे आडवे हात) निघत असतील, किंवा डाउनी-भुरीसारख्या बुरशीच्या रोगांमुळे काडी बागेबाहेर कुजवायची असेल, तर चिपरच.