टेस्टेड ओके म्हणे! सांगलीतल्या जुन्या सामानाच्या दुकानाचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

मिक्सर जळाला म्हणून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. तो चालला असता तर या दुकानाबद्दल बरंच चांगलं लिहिलं असतं, आणि काही बाबतीत अजूनही लिहिणार आहे. नाव घालत नाही. 'घरून सामान उचलतो, स्वस्तात देतो' म्हणणारी दुकानं सांगली-मिरजेत आता बरीच झालीत आणि तऱ्हा थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच.

माझा वापर असा. विश्रामबागेत घराच्या वरच्या खोल्या मी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना भाड्याने देते. खोलीला दोन कॉट, टेबल, खुर्ची, मांडणी एवढं लागतं. नवीन घालायचं म्हटलं तर वर्षाचं भाडं फर्निचरवाल्याच्या घशात जाईल, आणि मॅच लागली की पोरं त्या कॉटवर उड्या मारणार ती मारणारच. त्यामुळे मागच्या पावसाळ्यापासून या दुकानात माझं जाणं-येणं चालू आहे.

कॉटचं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. जाड अँगलची जुनी लोखंडी कॉट ९०० रुपयांना मिळाली. घासून ऑइल पेंट मारला, अजून एक कुरकुर नाही. लोखंडात हे लोक लुबाडत नाहीत. माझा अंदाज असा की लोखंडाची किंमत ते भंगाराच्या भावाने धरतात आणि कॉट म्हणून तिची काय लायकी आहे ते त्यांना कळतच नाही. मला चालतंय.

लाकडी सामान घेताना मात्र सांगलीकराने डोळे उघडे ठेवावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथे धोक्याची पातळीच ४५ आहे. २०२१ ला परत पूर. त्या पाण्यात उभी राहिलेली कपाटं अजून बाजारात फिरतात, वरून रंग मारलेली, पायात नवी बुटं घातलेली. सगळ्यात खालचा खण पूर्ण बाहेर ओढायचा आणि खण सरकतो त्या चॅनलच्या पार मागच्या टोकाला बोट फिरवायचं. बोटाला पिठासारखा बारीक काळपट गाळ लागला की समोरचा काय सांगतोय ते ऐकत बसायचं नाही. मी असं बोट घातलं तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "काकू, घ्यायचं असेल तरच हात लावा." अरे बाबा, हात लावल्याशिवाय घ्यायचं की नाही ते कसं ठरवू?

आता भावाचं. भाव कसा ठरतो ते मी काउंटरला टेकून पाहिलंय. वस्तू आली की पोरगा मोबाइलवर तीच नवीन केवढ्याला आहे ते बघतो, त्याच्या साठ-सत्तर टक्के धरतो आणि स्टिकर मारतो. वस्तू दोन वर्षं वापरलेली की बारा, झाकण जागेवर आहे का, काही बघणं नाही. नव्या मिक्सरबरोबर दोन वर्षांची गॅरंटी येते, ती कुठे वजा केलीस विचारलं तर "एकच भाव आहे ओ काकू." माझ्याकडच्या एका पोराने गावी जाताना आपला कूलर यांनाच ५०० ला दिला. पुढच्या आठवड्यात तोच कूलर, बाजूला त्यानेच चिकटवलेल्या धोनीसकट, २,८०० ला उभा. नफा करू नये असं माझं म्हणणं नाही. टेम्पो आहे, जागेचं भाडं आहे, पोरांचे पगार आहेत. पण मग आतला पंप पाणी चढवतो का, एवढं तरी बघून ठेवा.

आणि एकदा लागलेला भाव कधी उतरत नाही. दिवाळीच्या आधीपासून एक डिनर सेट तिथे धूळ खात पडलाय, स्टिकर पिवळा पडला तरी आकडा तोच. अमेरिकेतली भाची सांगते की जुन्या वस्तूंच्या दुकानांवर तिकडेही लोक चिडलेले असतात, फुकट दान आलेल्या वस्तूंचे भाव नव्याला टेकले म्हणून. पण तिकडच्या गुडविल या संस्थेच्या, म्हणजे १९०२ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या त्या साखळीच्या, बऱ्याच दुकानांत भावाच्या चिठ्ठ्या रंगीत असतात. ठरावीक दिवसांनी एका रंगाचा माल कमी भावात निघतो आणि पडून राहिलेली वस्तू हलते. भाचीच्या गावातल्या दुकानात तर भिंतीला प्लगची अख्खी पट्टी आहे म्हणे, गिऱ्हाइकाने स्वतः लावून बघावं.

इथेच माझं डोकं फिरतं. आपल्या या दुकानात प्लग नाही. मिक्सर, इस्त्र्या, टेबल फॅन, गिझर यांची भिंत भरलेली, आणि गिऱ्हाइकाला लावून बघायला प्लग नाही! म्हणजे एक बोर्ड आहे, काउंटरच्या मागे. त्याच्या एका प्लगवर गणपतीच्या फोटोभोवतीची लुकलुकणारी माळ, दुसऱ्यावर पोराचा चार्जर. मिक्सर घेताना मी म्हटलं, "जरा लावून दाखव की." तर म्हणाला, "देवाची माळ आहे काकू, काढता येत नाही." बरं, चार्जर काढ. "आठ टक्केच चार्जिंग राहिलंय." आणि वर स्टिकरकडे बोट, 'टेस्टेड ओके'. कुणी टेस्ट केलं, कधी, कुठल्या प्लगवर?

नंतर एकदा मालकांनी लाइट बिलाचं कारण पुढे केलं. मी तिथेच हिशोब मांडला. ७५० वॅटचा मिक्सर एक मिनिट फिरवला तर ०.०१२५ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेबारा पैसे. काउंटरवर रुपया ठेवला आणि म्हटलं, आठ मिक्सरचे झाले. कुणी हसलं नाही.

तर तो मिक्सर. स्टिकर १,४५० चा, नवीन २,४०० ला मिळतो. पंधरवडाही नीट गेला नसेल, खोबरं-लसणाची चटणी वाटताना आधी वास आला, मग धूर. तळाचं लाल बटण दाबलं, थंड होऊ दिला, परत दाबलं, ढिम्म. गणपती पेठेत एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्याने समोरच उघडून दाखवला. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजून नखाएवढे राहिलेले, ते जिथे घासतात तो कम्युटेटर काळा ठिक्कर, आर्मेचर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग गेलेला. म्हणाला, "वहिनी, ह्यो आधीपासूनच मरायला टेकला हुता. नुसता रिकामा फिरवला असता तरी खालच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या असत्या." आर्मेचर आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या घरात सांगितला. म्हणजे साडेबारा पैसे वाचवायला माझे चौदाशे पन्नास घातले.

दुकानातल्या वागणुकीबद्दलही लिहून ठेवलं होतं. दारात पिशवी काढून घेतात, मागे मागे एक पोरगा फिरत राहतो, भाव विचारला की "स्टिकर बघा." चारचाकीतून कुणी उतरलं की त्यालाच "या मॅडम, बसा," आणि विकायला ठेवलेलीच खुर्ची पुसून पुढे. या मजकुरात आता थोडा बदल करते. मध्यंतरी माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या घरच्या दिसणाऱ्या बाईने प्लास्टिकच्या डब्यावरचं ६० चं स्टिकर नखाने अलगद सोडवलं आणि तांब्याच्या कळशीवरच्या ८५० वर चिकटवलं. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, ह्याचा भाव हा नाही." त्यावर बाईंनी दुकान डोक्यावर घेतलं आणि तणतणत गेल्या. मुलगी रडवेली झाली होती. हिशोबात तूट आली की ती त्यांच्या पगारातून कापतात, हे तिच्याकडूनच कळलं. तेव्हापासून मी पिशवी न मागता देते आणि मागे फिरणाऱ्या पोराला चिडत नाही. राग होता तो मालकाकडे वळवलाय. आणि हो, ती बाई चारचाकीतूनच आली होती. तिच्या पर्सला कुणी हात लावला नव्हता, माझ्या पिशवीतली मेथी मात्र उलगडून पाहिली होती.

मिक्सर परत घेऊन गेले तेव्हाचं नाटक थोडक्यात. "इथून गेला तेव्हा चालू होता." पाटीकडे बोट, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' बिल मागितलं तर "पक्कं हवं तर अठरा टक्के वेगळे." भाचा कुपवाडला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्याला फोन लावला. त्याने सांगितलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, घेतलं नसेल तर जीएसटी त्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, जीएसटीचा नियम ३२(५) आहे. अख्ख्या किमतीवर अठरा टक्के मागणं म्हणजे बिल नको म्हणायला लावायची युक्ती. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. भिंतीवर पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीही नाही.

मी आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला, तो फुकट आहे. तक्रार नोंदवल्याचं कळताच मालकांचा सूर उतरला. "काकू, तुम्ही घरच्याच की. एवढं कशाला?" घरच्या माणसाला लावून दाखवायला प्लग नव्हता, हे त्यांना परत एकदा ऐकवलं. मिक्सर त्यांनी ठेवून घेतला, हजार रुपये रोख दिले आणि उरलेल्या साडेचारशेची चिठ्ठी दिली, दुकानातच खर्च करायची. रोखच पाहिजे म्हणून मी तक्रार मागे घेतलेली नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. कॉट, लोखंडी रॅक, पितळेची भांडी बिनधास्त घ्या, पितळ वजन करून घ्या. लाकडाचा खालचा खण काढा. विजेचं काही घेणार असाल तर घरून एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि वायर लांब असू द्या, कारण देवाची माळ अजून तिथेच आहे. गेल्या आठवड्यात काउंटरवरच्या त्या मुलीने माझ्यासाठी चार्जर काढून इस्त्री लावून दाखवली. तापली. २५० ला मागत होती, मी दोनशे म्हटलं, तिने मालकांकडे बघितलं आणि दोनशेला दिली. चिठ्ठीतून वळते करायला मालक तयार नव्हते, इस्त्री चिठ्ठीत बसत नाही म्हणे. रोख दिले. चिठ्ठी पर्समध्ये आहे.