मंडईला रोज जायचं तर गाडी की मेट्रो?

पिंपरीकडून पुण्यात पेठेत रोज जा-ये करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, मलाही पडला होता. मी राहतो संत तुकाराम नगरला आणि काम मंडईपासून पाच मिनिटांवर. आधी सहा-सात वर्षं गाडीच, म्हणजे दुचाकी, आता वर्षभर बहुतेक वेळा मेट्रो.

नुसता वेळ बघितला तर गाडी काही हरत नाही हां. सकाळी आठच्या आत निघालात तर गाडीच आधी पोचवते, कारण मेट्रोला घर ते स्टेशन, बॅग तपासणी, मग ट्रेनची वाट असं सगळं धरावं लागतं. शिवाय येताना भाजीच्या दोन पिशव्या हुकला अडकवल्या की झालं, मेट्रोत त्या पायात घेऊन उभं राहायचं.

माझं घोडं अडलं ते पार्किंगला. दहा वाजता मंडईच्या आसपास गाडी लावून बघा एकदा. दोन चकरा मारल्यावर कुठेतरी दोन ॲक्टिव्हांच्या मध्ये वीतभर जागा दिसते, मग उतरून शेजारची गाडी मागून उचलून सरकवायची, तिचा आरसा आपल्या हँडलला अडकतो आणि तेवढ्यात दुकानदार बाहेर येतो, "ओ, इथे नका लावू, माल उतरायचाय." संध्याकाळी काढायला जावं तर तिसराच कोणीतरी आडवी लावून गेलेला. त्यात ते सम-विषम तारखेचे बोर्ड, ३१ नंतर १ म्हणजे सलग दोन दिवस विषमच, हे कोण लक्षात ठेवणार? एकदा माझी तारीख चुकली, गाडी उचलून नेली, दंड भरला तो भरला पण अर्धा दिवस गेला. त्या दिवशी घरी मी मेट्रोने आलो.

सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी टप्पा सुरू झाला म्हणून हे जमलं. रेंजहिल्सनंतर ट्रेन जमिनीखाली शिरते, मुठेच्याही खालून जाते आणि थेट मंडईत वर काढते. कर्वे रोडला डोक्यावर पूल नि रस्त्यात खांब आलेत, पेठेत ते उभे करायचे म्हटलं असतं तर निम्मे वाडे गेले असते. वरचा रस्ता मोकळा झालाय असं मात्र मी म्हणणार नाही, गाड्या तेवढ्याच दिसतात, फक्त चालणारे जास्त झालेत आणि विक्रेते स्टेशनच्या तोंडाशी सरकलेत.

कोथरूडकरांचं गणित वेगळं असू शकतं, त्यांना जिल्हा न्यायालय स्टेशनला ट्रेन बदलावी लागते, आणि तिथला खालचा फलाट तब्बल ३३ मीटर खोल, सरकते जिने संपता संपत नाहीत. घर स्टेशनपासून लांब असेल आणि रोज रिक्षा करावी लागणार असेल तरी विचार करा, वाचलेलं पेट्रोल रिक्षातच जाईल. पण चालत दहा मिनिटांत स्टेशन असेल तर माझ्या मते फार घोळ घालू नका.

मी गाडी विकलेली नाही. परवा दळण आणायला काढली तर आधी चाकात हवा भरावी लागली.