कंत्राटी कामगारांनो, स्लिपवर कापलेला पीएफ भरला जातो का ते पाहा

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटदारामार्फत लागलेल्या कामगाराची फसवणूक बहुतेक वेळा रुजू होण्याच्या दिवशीच सुरू होते. सह्यांच्या गठ्ठ्यात एक कोरा कागद किंवा तारीख नसलेला राजीनामा सरकवलेला असतो. काही महिन्यांनी कंत्राटदाराचं नाव बदलतं. मशीन तेच, सुपरवायझर तोच, पण त्या राजीनाम्यावर तारीख पडते आणि माणूस कागदोपत्री नवा होतो. पुढे ग्रॅच्युइटी, म्हणजे सलग नोकरीबद्दल शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, मागितली की ‘तुमची सलग पाच वर्षं कुठे झालीत?’ असं उत्तर मिळतं. मूळ पगार १४,००० असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ४०,३८५ रुपये होते (१४,००० × १५ ÷ २६ × ५). एवढी रक्कम एका कागदावर जाते. सही टाळता येत नसेल तर सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या अक्षरात घाला आणि फोटो काढून ठेवा. रुजू झाल्याच्याच तारखेचा राजीनामा पुढे कुणाला वापरता येत नाही.

पीएफची लबाडी जास्त दिवस लपून राहते, कारण स्लिपवर कपात दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. स्लिप म्हणजे भरणा नव्हे. १४,००० मूळ पगारावर तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये कापले जातात आणि मालकाने तेवढेच घालायचे असतात. पासबुकात हे तीन रकान्यांत दिसतं: तुमचे १,६८०, आणि मालकाच्या १,६८० चे दोन भाग, मालकाचे ५१४ आणि पेन्शनचे १,१६६. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. उमंग अ‍ॅपवर यूएएन (तुमचा कायमचा पीएफ नंबर) टाकून दर महिन्याला हे आकडे पाहा. पेन्शनचा रकाना रिकामा असेल किंवा मूळ पगारच कमी दाखवला असेल, तर तिथेच थांबून विचारा. काही कंत्राटदार मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापतात. ते सरळ बेकायदा आहे.

नवा कंत्राटदार आला की जुनाच यूएएन द्या. दुसरा नंबर निघाला की नोकरीचे तुकडे होतात, आणि पेन्शनला तर दहा वर्षांची सेवा लागते. ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) विमा क्रमांकही तोच चालू ठेवा. तिथे तुमची कपात ०.७५ टक्के असते.

नोकरी सुटताना ‘सर्व हिशेब मिळाला’ या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका. नव्या वेतन संहितेनुसार अखेरचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं.

पैसे भरले गेले नसतील तर स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, गेटपास आणि हजेरीचे फोटो जमवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ड्युटीचे मेसेजही पुरावा म्हणून उपयोगी पडतात, ते पुसू नका. पीएफची तक्रार ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर नोंदवता येते. वेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. अर्जात कंत्राटदाराबरोबर मूळ कंपनीचंही, म्हणजे जिच्या कारखान्यात तुम्ही काम करता तिचंही, नाव घाला, कारण कंत्राटी कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही याची जबाबदारी तिच्यावरही असते.